हिरवी पुडी

"पॅनेलवरचा दिवा विझला म्हणजे प्रेस मशीन थांबलं असं नसतं. कंट्रोलरच्या आउटपुट मॉड्यूलमधला रिले, म्हणजे वीज तोडणारा स्विच, चिकटला, की थांबायचा हुकूम मशीनपर्यंत पोचतच नाही. किती वेळा सांगितलं, पण मॉड्यूल बदलत नाहीत," माझा नवरा बो-यान जेवताना म्हणाला होता. मी बाळाला पेज भरवत होते. म्हटलं, "घरात तरी कारखाना नको रे."

मंगळवारी त्याच मशीनने त्याची बोटं चिरडली. कारखान्याचे मॅनेजर लाय सफरचंदांची पेटी घेऊन ताइचुंगच्या इस्पितळात आले.

"वहिनी, चूक सापडली. लगेच दुरुस्तही केली."

"मॉड्यूल बदललं?"

"छे हो, ते कशाला? पॅनेलवर ठेवलेल्या खाऊच्या हिरव्या पुडीची मुदत संपली होती. मग मशीन शहाण्यासारखं वागणार कसं? आता ताजी ठेवलीये."

आमच्या तैवानात मशीन गुणी बाळासारखं वागावं म्हणून त्याच्यावर खाऊची हिरवी पुडी ठेवतात, आणि तिची मुदत संपू द्यायची नसते. जुनी पुडी त्यांनी खिशातून काढली आणि "वाया कशाला घालवायची" म्हणत माझ्या बाळाच्या हातात दिली. मी ती त्यांच्यादेखत कचऱ्यात फेकली.

आज सकाळी मशीन पुन्हा सुरू झालंय. तुमच्या घरचं कोणी त्याच्यासमोर उभं असेल, तर आत्ताच फोन करून विचारा: मॉड्यूल बदललंय, की नुसती पुडी?