मोरपंखी स्कूटर

"मॅडम, स्कूटरचे हप्ते थकलेत. कधी भरताय?"

काज-बटणवालीनं फोन मान वाकडी करून खांद्यावर धरला आणि दोरा दातानं तोडला. "अहो, किती वेळा सांगू? हा नंबर मी नवा घेतलाय. आधी त्या बाईचा असेल. ती मी नव्हेच!"

"सगळे असंच म्हणतात, मॅडम. फ्रिज घेतलात, पलंग घेतलात, वर स्कूटर. तेव्हा बरं 'नको' म्हणाला नाहीत."

"पलंग पण?" तिच्या तोंडून निघून गेलं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे तिला आधी आईनं शिकवलं, मग नवऱ्यानं. इतकं, की आता पाय पोटाशी घेतल्याशिवाय झोपच यायची नाही. आणि ही भवानी! हिनं अंथरुणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, थेट पलंगच आणला. गोरीपान असेल. गॉगल लावून फिरत असेल मेली.

"स्कूटरचा रंग कुठला हो?"

"मोरपंखी," वसुलीवाला बोलून गेला आणि लगेच सावध झाला. "हां! दुसऱ्याच्या स्कूटरचा रंग कोण विचारतं? तुम्हीच त्या!"

"शाळेसमोरच्या टेलरकडे काज-बटण करते मी. स्कूटरवाली दिसते का, ते येऊन बघा!"

"येतोच उद्या."

टेलर मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "वसुलीवाला? माझ्या दुकानात? गिऱ्हाइकांसमोर? हे बघ बाई, ती तूच निघालीस तर दुसरं दुकान बघायचं. आधीच सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. दारातूनच "मास्तर आहेत का?" म्हणाला आणि तिनं आवाज ओळखला. त्यानं मोबाईलमधला एक फोटो उघडला आणि तिच्या चेहऱ्याशेजारी धरला. फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, तिच्या सेफ्टीपिन लावलेल्या चपलेकडे पाहिलं. मग हसला.

"छे, छे! या नव्हेत. माफ करा, मास्तर. बघूनच कळतं की. यांना कोण कर्ज देणार?"

मास्तरही पोटभर हसले. "मी म्हणतच होतो! चल गं, बस कामाला. सुटलीस."

ती बसली नाही. तिची नजर फोटोवर खिळली होती. शोरूमच्या दारात एक बाई पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली कवटाळून उभी होती. गोरी नव्हती. गॉगल नव्हता. वेणी उंदराच्या शेपटीसारखी बारीक, दात तर काज-बटणवालीच्या दातांपेक्षाही पुढे. आणि त्या दातांसकट ती अशी हसत होती, जणू सगळा रस्ता तिच्या बापाचा.

वसुलीवाल्यानं मोबाईल खिशात टाकला आणि तो पायरी उतरला. ती सुई हातात तशीच धरून त्याच्यामागे धावली.

"ओ भाऊ, थांबा!"

"आता काय, मावशी?"

मास्तर हसायचे थांबले. समोरच्या रिक्षावाल्यानंही मान वळवली.

"तिला दिलंत ना?" तिचा आवाज चिरकला. "मग मला का नाही देणार?"