कोरी कापडं

वालूरची कावेरी शर्यतीत पळता पळता कोसळली, म्हणून माय तिला परभणीच्या दवाखान्यात घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली. ठोके मधेच चुकत होते. "पाळी येते ना वेळेवर? बंद असेल तर पळणं थांबवून मोठ्या डॉक्टरांना हृदय दाखवावं लागेल."  कावेरीच्या आधी मायच बोलली, "येती की! दर म्हैन्याला बाजूला बसती. तिची कापडं गोठ्यामागं वाळायलेली बगते न्हवं मी." डॉक्टरीणबाईंनी नुसत्या ताकदीच्या गोळ्या दिल्या. पाळी तर सराव वाढल्यापासून आलीच नव्हती. बाजूला बसली नाही तर गाव पोटाकडे बघेल, म्हणून कावेरी तारखेला बसायची. कोरी कापडं भिजवून वाळत घालायची. एसटीत मायनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "लय दमलीस बाई. ह्या खेपेला कापडं मी धुते." धस्स व्हायला कावेरीच्या काळजात ठोकाच उरला नव्हता.