राणीची संमती

"मागणी क्रमांक सहा," हिंमतराव म्हणाले आणि त्यांनी पोळीचा तुकडा आमटीत बुडवला. "देवघराची खोली अर्थखात्याच्या दालनासाठी देण्यात यावी. देव फ्रिजवर हलवण्यात यावेत. चर्चा?"

"फ्रिजवर मिक्सर आहे, पपा," उन्मेष म्हणाला.

"ही कपात सूचना समजायची का?"

"ना रे बाबा! नुसती माहिती आपी." उन्मेषच्या मराठीत गुजराती अशी अधूनमधून डोकावे.

सुनेत्राबाई ताट पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. ओठ मिटलेले, नजर खाली.

तरसालीतल्या त्या दोन खोल्या आणि देवघराच्या घराला आषाढापासून राज्यघटना होती. हिंमतराव सरकारी कचेरीच्या अंदाजपत्रक शाखेतून निवृत्त झाले, शाल-श्रीफळ मिळालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना काहीच काम उरलं नाही. चौतीस वर्षं त्यांनी टिपणं लिहिली होती. टिपणं वरून सही होऊन परत येत, पण शेवटची पानं गेली तशीच एकमेकांना चिकटलेली असत. मग घरी बसल्या बसल्या त्यांनी एक राज्यच काढलं. पणजोबा संस्थानाच्या फौजेत शिलेदार होते, तेव्हा गादीवर कोणी नाही असं राज्य त्यांना कल्पनेतही चालेना. "राजा हवाच," ते म्हणाले, "पण घटनेने बांधलेला."

म्हणून सुनेत्राबाई राणी झाल्या. ते स्वतः अर्थमंत्री, मुलगा उन्मेष विरोधी पक्ष, सून शलाका सभागृहाची चिटणीस. एकशे बारा पानांच्या घटनेच्या चार प्रती निजामपुऱ्यातून बांधून आल्या. उन्मेषची प्रत डुगडुगणाऱ्या टीव्हीखाली गेली. शलाकाच्या प्रतीच्या पाठीवर किराण्याच्या याद्या चढल्या. सुनेत्राबाईंनी आपली प्रत लाल फडक्यात गुंडाळून पोथ्यांच्या चळतीवर ठेवली.

घटनेतली सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे राणीची संमती. सभागृह रात्री जेवायला भरे, कारण चौघं एकत्र यायची ती तेवढ्यापुरतीच. ताटं उचलेपर्यंत राणी काही बोलली नाही, तर मागणी मंजूर. आणि सुनेत्राबाईंचा चातुर्मासात मौनभोजनाचा नेम होता. पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत तोंडातून अक्षर नाही. बावीस वर्षांचा नेम. हिंमतरावांना तो ठाऊक होता. ते कलम त्यांनी मुद्दाम तो नेम धरूनच लिहिलं होतं.

तीन महिन्यांत पाच मागण्या मंजूर झाल्या होत्या. बाल्कनीतला झोपाळा गच्चीवर गेला, त्याच्या जागी अहवालांचं कपाट आलं. तुळस जलखात्यात गेली, तेव्हापासून तिला पाणी एक दिवसाआड. राणीचा दुपारचा चहा अर्धा कप झाला. प्रत्येक वेळी शलाका वहीत लिही, 'राणीची संमती आहे', आणि सासूबाईंकडे बघायचं टाळी.

सहाव्या मागणीचं कानावर आलं तेव्हा सुनेत्राबाई ओट्याशी उभ्या राहून बोलल्या होत्या. "अहो, बाळकृष्णाला फ्रिजवर कसं ठेवायचं? खाली घरघर, शेजारी मिक्सर. लहान आहे हो तो."

"सभागृहाबाहेरचं बोलणं नोंदीत येत नाही, सुनेत्रा," हिंमतराव अगदी मायेने म्हणाले होते. मग दिवाळीच्या सुट्ट्या वगळून त्यांनी भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरात अधिवेशनाच्या शेवटच्या बैठकीची तारीख लाल पेनाने गोल केली होती.

आज तोच दिवस. सकाळी सुनेत्राबाईंनी पंचांग उघडून पाहिलं, बाळकृष्णाला न्हाऊ घातलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पुसलं. रात्री सगळ्यांना वाढलं आणि आपलं ताट घेऊन बसल्या.

"मतदान," हिंमतराव म्हणाले. त्यांनी स्वतःचा हात वर केला. विरोधी पक्ष मोबाइल बघत होता. "एक विरुद्ध शून्य. आता राणीची संमती." त्यांनी शेवटचा दहीभाताचा घास घेतला. शलाकाने वही ओढली.

"नामंजूर," सुनेत्राबाई म्हणाल्या.

शलाकाच्या हातातलं पेन कोशिंबिरीत पडलं.

"सुनेत्रा!" हिंमतराव घाबरून म्हणाले. "अगं, तुझं मौन मोडलं!"

"मी जेवतेय कुठे?" सुनेत्राबाईंनी ताट किंचित पुढे सरकवलं. ताटात तुळशीचं एक पान होतं. "आज एकादशी. रात्री माझं पाण्यावर असतं."

"पण राणीला असं एकदम 'नाही' म्हणता येत नाही!"

"येतं की. कलम एक्केचाळीस. बैठकीत, ताट पुढ्यात असताना आणि मोठ्याने." त्या सुनेकडे वळल्या. "शलाका, मी मोठ्याने बोलले ना गं?"

"शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं, आई."

"आणि परिशिष्ट ग," सुनेत्राबाई त्यांच्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या. "एक जरी मागणी राणीने फेटाळली तर सरकार पडतं. आधीच्या मागण्याही रद्द होतात."

"सरकार पडी गई!" उन्मेषने ताट वाजवलं. "पपा, राजीनामा!"

हिंमतराव उठले, हात धुतले, देवघरात गेले. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात लाल फडकं होतं. त्यांनी गाठ सोडली आणि घटना शेवटाकडून उघडली. पानं चिकटलेली नव्हती. परिशिष्ट 'ग'वर हळदीचं बोट उमटलं होतं. त्यांनी आणखी एक पान उलटलं. तिथेही होतं.

राजीनाम्याचा कागद शलाकाने पुढे केला. त्यांनी न बघताच सही ठोकली आणि खुर्ची बायकोच्या जवळ ओढली.

"सुनेत्रा," ते हळूच म्हणाले, "परिशिष्ट 'घ' कसं वाटलं?"