केसांतला मका

यंत्राने तिसऱ्यांदाही तोच आकडा दिला. तिने खुर्ची मागे सरकवली आणि पडद्यावरच्या रेषेकडे बघत राहिली. सात महिने रेष सपाट चालली होती. मग एकदम वर चढली होती, पाच आठवडे वरच रेंगाळली होती आणि पुन्हा खाली आली होती.

केस एका रानटी माकडिणीचे होते. गळ्यात पट्टा बांधायला तिला भूल दिली, तेव्हा कापून घेतलेले. जनावर जे खातं ते वाढत्या केसात उतरत जातं. म्हणून तिने केसांचे बारीक बारीक तुकडे केले होते आणि एकेक तुकडा यंत्रात जाळला होता. रानातला पाला, फळं खाल्ली की कार्बन हलका निघतो. मका खाल्ला की जड निघतो. त्या जंगलातून दिवसभर गाडी हाकली तरी मक्याचं शेत लागत नव्हतं. मका होता तो एकाच ठिकाणी. संशोधन केंद्राच्या कोठारात, पिठाच्या पोत्यांत.

तिने टोळीतल्या आणखी चौघींचे केस तपासले. चौघींच्याही रेषा त्याच पाच आठवड्यांत वर गेल्या होत्या.

ते आठवडे कोणते, हे बघायला तिला डायरी उघडावी लागली नाही.

तेव्हा केंद्राचा कारभार तिच्याकडे होता. कोठारातलं पीठ भराभर कमी होत होतं आणि कोठाराची किल्ली स्वयंपाकघरातल्या मावशींकडे असायची. मावशी अकरा वर्षं तिथे सगळ्यांना रांधून वाढत होत्या.

"मॅडम, माकडं नेत असतील," मावशी म्हणाल्या होत्या.

ती हसली होती. "दोन वर्षं मी त्यांच्या मागे हिंडतेय, मावशी. माझी माकडं पिठाला तोंड लावत नाहीत."

मग एका दुपारी मावशी सुटीवर घरी निघाल्या. सगळे जेवायला बसले होते. तिने मावशींना थांबवलं आणि पिशवी टेबलावर उपडी करायला लावली. घड्या घातलेले कपडे निघाले, गुडघ्याला लावायचं मलम निघालं, चष्म्याची तुटकी काडी निघाली. पीठ निघालं नाही. कुणीतरी उगाच पाण्याचा पेला उचलला. तिला तिथे थांबता आलं असतं. पण ती म्हणाली, "आज नाही सापडलं, म्हणजे कधीच नेलं नाही असं होत नाही."

मावशींनी एकेक वस्तू परत पिशवीत भरली. सुटी संपली तरी त्या कामावर आल्या नाहीत. त्यानंतर पीठ कमी होणंही थांबलं. मग तर सगळ्यांची खात्रीच पटली.

तिने केंद्रातल्या पहारेकऱ्याला फोन लावला आणि कोठाराच्या खिडकीबद्दल विचारलं.

"जाळी ना? ती तर मावशी गेल्या त्याच आठवड्यात मी बदलली. कोपऱ्यात हात जाईल एवढी फाटली होती. का हो मॅडम?"

"सहज," म्हणून तिने फोन ठेवला.

संध्याकाळी तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी कागद चाळले. "पाच नमुने गाळून टाक. हाताळताना काहीतरी लागलं असेल. बाकी सगळं तुझ्या म्हणण्याप्रमाणेच येतंय."

सरांच्या आधी हे तिच्याच मनात येऊन गेलं होतं. पहिला आकडा आला तेव्हा तिला मावशी आठवल्याच नव्हत्या, ही माकडं फक्त रानातलंच खातात असं सांगणारा आपला प्रबंध आठवला होता. आता सरांच्या तोंडून तेच ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नमुने राहतील, सर," ती म्हणाली.

मावशींचा पत्ता काढण्यात दोन रविवार गेले. त्या एका रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईच्या खात्यात कामाला होत्या. तिला बघून त्या दचकल्या नाहीत. हातातल्या चादरीची दोन टोकं त्यांनी तिच्याकडे धरली. तिने ती घेतली. दोघी घडी घालू लागल्या.

"मावशी, पीठ माकडांनीच नेलं होतं. मी तपासलंय. त्यांच्या केसांत सापडलं."

"बरं."

"मी सगळ्यांसमोर तुमची पिशवी..." तिने चादरीची टोकं जुळवली. "मी चुकले. कोणत्या तोंडाने माफी मागू तेच कळत नाही."

मावशींनी दुसरी चादर झटकली. "मला कशाला सांगता, मॅडम? मी नेलं नव्हतं हे मला ठाऊकच होतं."

"मी केंद्रातल्या प्रत्येकाला कळवते. लेखी कळवते."

"कळवा. पण त्याआधी माझ्या घरी चला. पाचला सुटते मी."

"घरी?"

"त्या दिवशी माझी सून मला न्यायला आली होती. लग्नाला महिनाही झाला नव्हता तिच्या. दारात उभी होती, तुमचं लक्ष नसेल." मावशींनी घडी घातलेली चादर चवडीवर ठेवली आणि तळहाताने दाबून सपाट केली. "पोर चांगली आहे हो. एका शब्दानं कधी विचारलं नाही तिनं. फक्त तेव्हापासून पर्स उशाखाली घेऊन झोपते."