कुमुदची शीळ

कुमुदने दोन बोटं ओठांत धरून शीळ घातली, तशी गवतातून चारही माळढोक धावत आले. नामशेष झालेली ही जात प्रयोगशाळेत पुन्हा जन्मली, तेव्हापासून या पिल्लांना आई म्हणून तिची शीळच ठाऊक होती.

"ताई, आणखी एकदा घाला ना," रोज तिच्याबरोबर पाखरं बघत माळावर हिंडणारा मोरेश्वर म्हणाला. तिने हौसेने घातली.

दुसऱ्या दिवशी तिचीच शीळ समोरच्या टेकडीवरून आली. तिथे मोरेश्वरची जीप उभी होती. टपावर कर्णा, मागे रिकामे पिंजरे. माळढोक तिकडे पळत सुटले.

"मेल्या, पाखरं ओळखायला तुला मी शिकवलं रे!" कुमुद किंचाळली. तिने घातलेली शीळ कर्ण्यापुढे विरून गेली. आणि धोका आहे, पळा, असं सांगणारी शीळ तिने त्यांना कधी शिकवलीच नव्हती.