रिकाम्या गाडीची उंची

ताई ठेवणीतले कपडे घालून, खांद्याला पर्स अडकवून खाली आली, तेव्हा भाऊ गाडीच्या मागच्या चाकाशी टेप घेऊन उकिडवा बसला होता.

मघाशी त्यानेच खिडकीकडे बघून हाक मारली होती, "ताई, जरा गाडीत येऊन बसतेस का?" कशासाठी, हे सांगितलं असतं तर काही जीभ झिजली नसती. ताई कित्येक महिन्यांत गाडीतून कुठे गेली नव्हती. तिला वाटलं, भाऊ फिरायला नेतोय.

तिने टेप पाहिली. जॅक पाहिला, पाने पाहिले, खोक्यातल्या नव्याकोऱ्या स्प्रिंगा पाहिल्या. "अच्छा, मोजमाप आहे होय," असं म्हणून ती हसली आणि मागच्या सीटवर आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसली. भावाच्या बायकोने चाकावरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप धरली. समोरच्या गॅलरीतला शेजारी पेपर खाली घेऊन बघू लागला. भावाचे कान तापले.

हेतू वाईट नव्हता. परवा लेकीचा पदवीदान समारंभ होता आणि आत्या आली नाही तर मीही जाणार नाही, असं लेकीने ठणकावलं होतं. आत्या मात्र "माझे गुडघे दुखतात" म्हणून अडून बसली होती. गुडघ्यांचं खरं काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लेकीच्या कॉलेजच्या रस्त्यावर पावलोपावली स्पीडब्रेकर होते. ताई बसली की गाडी मागून दबायची आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर सायलेन्सर खर्रकन घासायचा. म्हणून ताई आधीच उतरायची, चालत पलीकडे जायची आणि पुन्हा बसायची. "चला, जड सामान उतरवा!" अशी आरोळी भाऊच ठोकायचा. सगळे हसायचे. ताईसुद्धा. मग हळूहळू तिने येणंच सोडलं.

विनोद तिनेच सुरू केला होता, अशी भाऊ मनाची समजूत घालायचा. ते खोटंही नव्हतं. जुनी गाडी घेऊ नका, फसाल, असं सासऱ्यांनी परोपरीने सांगितलं होतं. याने घेतलीच. वर ऐटीत त्यांनाच पुढच्या सीटवर बसवून घरच्यांना पहिली चक्कर मारायला नेलं, आणि गल्लीच्या तोंडाशीच गाडी घासली. सासरे काही बोलणार, एवढ्यात ताई मागून खो खो हसत म्हणाली, "अहो, गाडीला काय झालंय! मी बसलेय ना मागे!" सासरे हसले आणि भावाचा जीव भांड्यात पडला.

आता मात्र त्याला ते सगळं निस्तरायचं होतं. नव्या स्प्रिंगांखाली आटे असलेली कडी होती. ती पान्याने फिरवली की गाडी मागून हवी तेवढी उचलता येत होती. आधी माणूस बसवून मोजा, मग रिकामी मोजा, असं दुकानदाराने बजावलं होतं. ताई उतरून वर गेल्यावर त्याने रिकामी गाडी मोजली. फरक जेमतेम बोटभर निघाला.

"टेप वाकडी धरलीस तू," तो बायकोवर खेकसला. नाचता येईना अंगण वाकडं, ही त्याची जुनी खोड होती.

त्याने गाडी उचलून खाली भक्कम ठोकळे लावले. चाकं काढली, शॉकॲब्सॉर्बरचे बोल्ट सोडवले, ॲक्सल हळूच खाली घेतला. ताईच्या बाजूची स्प्रिंग निघाली ती धडधाकट. दुसरी, त्याच्या स्वतःच्या सीटमागची, हात लावताच निसटून हातात आली. तिचा खालचा अख्खा वेढाच नव्हता. त्याने फडक्याने तुटलेलं तोंड पुसलं. ते काळं होतं. गंजाने नव्हे, रंगाने. गाडी घरी आणली त्या दिवशीच, कुणाला बसवायच्या आधी, त्याने गॅरेजवाल्याकडून खालून काळा रंग मारून घेतला होता. रंग तुटलेल्या तोंडावरही बसला होता. म्हणजे ताईने गाडीत पाऊल ठेवलं, तेव्हा स्प्रिंग तुटलेलीच होती.

तो तिथेच जमिनीवर बसून राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टाका भंगारात," बायको हळूच म्हणाली. "ताईंना कशाला दाखवता? झालं गेलं."

त्यालाही क्षणभर तेच बरं वाटलं, आणि वाटल्याची आणखी लाज वाटली. त्याने दोन्ही नव्या स्प्रिंगा बसवल्या, कड्या फिरवून उंची सारखी केली आणि तुटकी स्प्रिंग घेऊन वर गेला.

ताई ठेवणीतल्या कपड्यांची घडी घालत होती.

"ताई, ही तुटलेली होती. पहिल्यापासून. तुझ्यामुळे गाडी कधी घासलीच नाही." त्याने स्प्रिंग तिच्यापुढे धरली. "माझं चुकलं. परवा येशील ना?"

ताईने स्प्रिंग हातात घेतली, तुटक्या तोंडावरून बोट फिरवलं. तिला नवल वाटलेलं दिसेना.

"येईन. भाचीसाठी येईन," ती म्हणाली. "काय तुटलंय ते मला कळलं नव्हतं. पण पहिल्या चकरेआधी दारात उभी होती ना गाडी, तेव्हाच एका अंगाला बसलेली दिसली होती. आत कुणी नसताना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझे सासरे होते ना शेजारी." तिने स्प्रिंग त्याच्या हातात परत दिली. "पण मी ते एकदाच म्हटलं होतं रे. पुढे तुम्हीच म्हणत राहिलात."