जिवाचं कसं चाललंय?

“आणि आवाज? पाळकसाहेब गायला लागले की माझं पीठ फुगायचं थांबतं हो, साहेब!” बेकरीवाली मावशी म्हणाली.

पाळकांच्या बदल्या ठरवणारे सुपरिंटेंडेंटसाहेब प्रार्थनाघराच्या पुढच्या बाकावर बसले होते. हॅट त्यांनी मिशांपुढं धरली होती. “अरेरे,” ते हॅटमागून म्हणाले. “आणखी?”

आणखी होतं ना! लोहार उठला. हा गायला लागला की खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि घंटा आपली आपण वाजते, असा त्याचा लौकिक. “प्रवचन फार लांबवतात, साहेब. एका रविवारी सुरुवातीला कोंबडीनं बाकाखाली अंडी घातली, आणि ‘आमेन’ म्हणेपर्यंत पिल्लं दाराबाहेर पडली होती.”

शिंप्यानं त्याला कोपरानं ढोसलं. तिखटमीठ लावायचं ठरलं होतं, तिखटाचं पोतं ओतायचं नव्हे.

बेत शिंप्याचाच. मेथडिस्ट ख्रिस्ती मंडळींची रीत जुनी: तीन वर्षं झाली की पाळकाची सहसा बदली. हा पंथ वाढलाच मुळी घोड्याच्या पाठीवर. उपदेशक खोगिरात बसून वाचायचे, शेतात नाहीतर खाणीच्या तोंडाशी उभं राहून सांगायचे, आणि पुढच्या गावाला टाच मारायचे. एका जागी मूळ धरायचं नाही. इथल्या पाळकांची तीन वर्षं भरत आली होती, आणि चांगल्या पाळकावर मोठ्या शहरांचा डोळा असतोच. तेव्हा पाळक वाईट आहे म्हणायचं, पण बेतानं. दारूचं तर नावही काढायचं नाही, नाहीतर पाळकांना पंथातूनच हाकलतील. काळं फासायचं ते धुतलं की निघेल असं.

“कृपा सगळ्यांसाठी आहे आणि फुकट आहे. दाराबाहेर कुणी नाही,” असं पाळक दर रविवारी सांगत. शिंपी तेव्हा बाटलीसकट नेमका दाराबाहेर असायचा. मग एकदा त्यानं बाटली फोडली. त्यानंतरचा आठवडाभर पाळक त्याच्या दुकानात ठाण मांडून बसले. शिंप्याचे हात थरथरत होते, म्हणून बटणं पाळकांनी लावली. त्या आठवड्यातला प्रत्येक कोट आजही एका बाजूनं वर चढतो, आणि एकाही माणसानं तो दुरुस्तीला आणलेला नाही. आता पाळक गेले आणि हात पुन्हा थरथरले, तर? शिंप्याला एवढीच भीती होती.

“असा माणूस मोठ्या शहराच्या गळ्यात कसा मारू मी?” साहेबांनी उसासा सोडला. शिंप्याचा जीव भांड्यात पडला. “बरं, आज गुरुवार. संध्याकाळी वर्ग असेल ना? मीच घेतो.”

तिघांचे चेहरे पिठासारखे पांढरे पडले.

वर्ग म्हणजे पाटी-पेन्सिल नव्हे. मोजकी माणसं आठवड्यातून एकदा गोल करून बसतात. पुढारी एकेकाला विचारतो, ‘तुमच्या जिवाचं कसं चाललंय?’ आणि जे असेल ते सांगायचं. दर गुरुवारी खरं सांगून सांगून या मंडळींची खोटं पचवायची सवयच मोडली होती. आणि गुरुवार इतका अंगवळणी पडलेला, की बेत रचताना तो कुणाच्या ध्यानीमनीही आला नाही.

दिवेलागणीला सगळे गोल बसले. पाळकही येऊन बसले.

“मावशी, तुमच्या जिवाचं कसं चाललंय?” साहेबांनी विचारलं.

“कसलं चालतंय! दुपारपासून घशाखाली पावाचा तुकडा उतरला नाही!” मावशीनं भोकाडच पसरलं. “माझं पीठ फुगतं ते यांच्या गाण्यानंच हो!”

लोहारानं मान खाली घातली. “कोंबडी नव्हतीच, साहेब.”

शिंपी बोटांत बोटं अडकवून बसला होता. “बेत माझा होता. यांना बोल लावू नका. कृपा सगळ्यांना आहे, मग एका गावाला तीनच वर्षं का, असं वाटलं मला. माणूस सोन्यासारखा आहे. पाहिजे त्या शहरात न्या त्यांना. बटणं… बटणं माझी मी लावीन.”

साहेब पाळकांकडं वळले. पाळकांचे कान लालबुंद झाले होते.

“माझंही बरं नाही, साहेब. सकाळी तुमच्या घोड्याचं खोगीर उतरवताना मी म्हणालो ना, मंडळी हाताबाहेर गेलीय, मला आणखी तीन वर्षं तरी लागतील म्हणून? मावशी वजनात काटा मारते, लोहार मारामाऱ्या करतो, आणि शिंपी पुन्हा प्यायला लागलाय…”

“मी?” शिंपी ताडकन उभा राहिला. “वर्ष झालं, थेंबाला शिवलो नाही!”

“ठाऊक आहे रे बाबा. म्हणून तर माझं बरं नाही.”

साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. “सगळे एका माळेचे मणी,” ते म्हणाले. “चला, गीत घेऊ या.”

“थांबा, साहेब.” मावशीनं नाक पुसलं. रीत म्हणजे रीत. “तुमचं राहिलंच की. तुमच्या जिवाचं कसं चाललंय?”

साहेबांचा हात हॅटकडं गेला. ती खुंटीवर होती. मिशा उघड्या पडल्या, आणि त्या मघापासून हसत होत्या.

“यांना आणखी तीन वर्षं इथंच ठेवायचं ठरलंय, एवढं सांगायला मी सकाळी आलो होतो,” साहेब म्हणाले. “पण आधी यांनी तोंड उघडलं, मग मावशींनी, आणि कोंबडी बाकाखाली शिरल्यावर तर मला सांगवेचना.”